पटावर नसलेली

धाकटीचं नाव शाळेच्या पटावर कधीच नव्हतं. ती दोन वर्षांचीसुद्धा नव्हती, त्यामुळे नाव असायचं कारणही नव्हतं. पण माझ्या वर्गात ती रोज यायची. आज त्या शाळेतली मुलं आठवायला बसले की पटावरचे कितीतरी चेहरे धूसर होतात, आणि ती मात्र होती तशी समोर येते. थोरल्या बहिणीच्या कडेवर, एक पाय लोंबता, मुठीत खडूचा तुकडा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. घोटीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथल्या दोन खोल्यांच्या प्राथमिक शाळेत माझी नेमणूक झाली. मी नाशिकात वाढलेली. आई म्हणाली, वर्षभर काढ कशीतरी, मग बदली मागू. मी घोटीत एक खोली भाड्याने घेतली. सकाळी जीपने फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पाऊण तास चालायचं. शाळेत शिक्षक दोनच, मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांना सगळी वाडी गुरुजी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. लहान मुलं त्यांना आवडायची, त्यामुळे पहिली-दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. तिसरी-चौथी माझ्याकडे आली.

थोरली चौथीत होती. पहिल्याच दिवशी ती धाकटीला कडेवर घेऊन वर्गात आली, तेव्हा मी तिला सांगितलं की शाळेत लहान पोरं आणायची नाहीत, उद्यापासून एकटीने ये. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी गुरुजींकडे तक्रार केली, तर ते हजेरीवरून मान वर न करता म्हणाले की आई-बाप दोघं रानात जातात, धाकटी थोरलीच्या अंगावर आहे. धाकटी नको असेल तर थोरलीही मिळणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

मी निरोप धाडला. चौथ्या दिवशी दोघी आल्या आणि फळ्याखालचा कोपरा धाकटीचा झाला.

तिचा त्रास असा काही नव्हताच. मी फळ्यावर लिहायला लागले की ती खाली भिंतीवर लिहायची, तिच्या उंचीने जितकं पोचेल तितकं. गोल गोल रेघा, एकात एक. गुडघ्याएवढ्या उंचीचा एक पांढरा पट्टाच त्या भिंतीला तयार झाला होता. प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले की तीही जोडायची, पण डोळे मिटायची नाही. मुलं पाढे म्हणायला लागली की तोंडाकडे बघत राहायची आणि पाढा संपला की एक टाळी वाजवायची. एकच. आम्हाला त्या टाळीची इतकी सवय झाली होती की ती वाजल्याशिवाय पाढा संपला असं वाटायचं नाही.

थोरली अभ्यासात बेताची होती, पण गाण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. परिपाठाला ती सांगायची आणि बाकीची मुलं मागून म्हणायची. आवाज बारीक नव्हता, लाडिक तर अजिबात नाही. उघड्या रानात हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा आवाज. एकदा पावसाने जीप बंद पडली आणि मी उशिरा पोचले, तर ओढ्यापलीकडूनच मला प्रार्थना ऐकू आली. एवढ्या पावसात, आणि त्यात तिचा आवाज वेगळा कळत होता.

त्या वर्षी आमच्या शाळेने बरंच काही केलं. दर शनिवारी बालसभा भरवली. मुलांकडून एक हस्तलिखित काढून घेतलं, त्यात वाडीतल्या प्रत्येक झाडाचं चित्र होतं. श्रावणात पलीकडच्या देवराईत वनभोजनाला गेलो. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्नेहसंमेलन करायचं ठरलं. वाडीत ते कधी झालंच नव्हतं. गुरुजी निवृत्तीला आले होते आणि जाण्याआधी आपल्या पोरांना एकदा तरी मांडवाखाली उभं करायचं, हे त्यांच्या मनात फार होतं. तारीख ठरली सव्वीस जानेवारीची. सकाळी झेंडावंदन, दुपारी संमेलन.

मुख्य कार्यक्रम मी निवडला. भातलावणीच्या वेळी तिथल्या बायका एक गाणं म्हणत. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी चिखलात वाकल्या वाकल्या ती उचलायची. ते थोरलीला तिच्या आईकडून सगळं येत होतं. ती सांगणार, मागे वीस मुलं डोक्यावर पावसातली इरली घेऊन भातलावणी करत नाचणार, असं मी बसवलं. कल्पना वाडीला इतकी आवडली की पुरुषांनी बांबू आणि पळसाची पानं आणून मुलांच्या मापाची छोटी इरली विणून दिली. म्हातारी माणसं तालमीला येऊन बसायची आणि माझ्या चुका काढायची. रोप असं नाय धरत बाई, असं धरत्यात.

तालमीत एकच अडचण होती. थोरली गायला उभी राहिली की धाकटी कोपऱ्यातून उठून यायची आणि तिच्या पायाला मिठी मारायची. थोरली गाता गाता तिला एका हाताने थोपटायची, आणि ओळ चुकायची. मी धाकटीला उचलून बाहेर नेलं की ती रडायची आणि मग थोरलीचं लक्ष बाहेर. मला त्याचा राग यायचा. मी चोवीस वर्षांची होते आणि माझ्या हातून काहीतरी चांगलं उभं राहतंय याची मला फार धुंदी होती.

दिवाळी झाली. भात झोडून झाला. त्यानंतर त्या वाडीतली निम्मी घरं बंद व्हायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसं बायका-मुलांसह वीटभट्ट्यांवर, द्राक्षबागांवर कामाला जायची आणि पावसाच्या तोंडाशी परत यायची. गुरुजी दरवर्षी हे बघत आले होते. मी पहिल्यांदाच बघत होते. एक दिवस थोरलीने सांगितलं की सोमवारी आमचा ट्रक येणार हाय.

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. बाप अंगणात अंथरुणाचं गाठोडं बांधत होता. मी त्याला संमेलनाचं सांगितलं, मुलीच्या आवाजाचं सांगितलं, चौथीचं वर्ष आहे, दोन महिने तरी तिला ठेवा म्हणून गळ घातली. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला की शेजारीच त्याची बहीण राहते, ती यंदा कुठे जाणार नाही, ती ठेवून घेईल. तेवढ्यात आत्या स्वतःच दारात आली आणि हो म्हणाली.

आई चुलीपाशी होती. ती धाकटीला पोटाशी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता, नवऱ्याकडे बघून ती बोलली, पण ते माझ्यासाठी होतं हे कळत होतं.

"मंग धाकटीला बी ऱ्हाऊ द्या की. थोरलीबिगर ती ऱ्हात नाय. तिकडं आमी दोगं बी मातीत. तिच्याकडं कोन बघल?"

आत्या म्हणाली की एक काय, दोन काय, राहतील दोघी. बापाने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं, कारण थोरलीला ठेवायची मागणी माझी होती.

"लहानगीला तुम्ही घेऊन जा," मी म्हणाले. "ती असली की हिचं गाण्यात लक्ष राहत नाही. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

आई धाकटीला घेऊन परत चुलीपाशी गेली. बाई शिकलेल्या, त्यांना जास्त कळतं, असं तिला वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल, आणि सांगितलं ते ऐकायची सवयच असेल. मी चहा पिऊन निघाले. ओढा ओलांडताना मी गाणं गुणगुणत होते, हे मला लख्ख आठवतं.

सोमवारी ट्रक शाळेच्या समोरूनच गेला. मुलं बघायला धावली. धाकटी आईच्या मांडीवर होती आणि हसत होती. थोरली आता वर चढेल असं तिला वाटत असावं. ट्रक हलला तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले. रडली असेल, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. वळणावर ट्रक दिसेनासा होईपर्यंत तिचे हात तसेच होते.

त्यानंतरचे दिवस तालमीच्या दृष्टीने फार चांगले गेले. कामाला गेलेल्या मुलांच्या जागी मी खालच्या वर्गातली मुलं घेतली आणि गाणं बसलं. थोरली आता सरळ उभी राहून, मान वर करून गायची. मधल्या सुट्टीत ती सवयीने भाकरीचे दोन तुकडे करायची, मग एक खाऊन झाल्यावर थोडं थांबून दुसरा खायची. एकदा दप्तर भरता भरता तिने मला विचारलं की बाई, एवढ्या दिसांनी ती मला वळखल का. मी म्हटलं, वेडी आहेस का, दोन महिने म्हणजे काय. आणि तिला सांगितलं की गाताना चेहरा हसरा ठेवत जा.

सव्वीस जानेवारीला मी पहाटेच्याच जीपने गेले. बायकांनी शाळेचं पटांगण शेणाने सारवून ठेवलं होतं. बैलगाड्यांच्या फळ्या जोडून स्टेज केलं होतं, मागे लुगड्यांचे पडदे. प्रभातफेरी वाडीभर फिरली. झेंडा फडकला. आजूबाजूच्या वाड्यांमधूनही माणसं आली, ज्यांची मुलं आमच्या शाळेत नव्हती ती सुद्धा. घरटी मूठ-मूठ तांदूळ आणि डाळ जमली होती आणि मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. केंद्रप्रमुख आले, सरपंच आले. पहिलीच्या मुलांनी बडबडगीतं म्हटली, एकजण मध्येच आईकडे पळाला, सगळी माणसं हसली. असा आनंद मी त्या वाडीत आधी पाहिला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगताना तो आनंद खोटा होता असं कोणाला वाटू नये. तो खरा होता.

तिसरा की चौथा कार्यक्रम चालू असताना गुरुजींनी मला खुणेने शाळेच्या मागे बोलावलं. तिथे सायकल धरून एक माणूस उभा होता. शेजारच्या वाडीतला, थोरलीच्या आई-बापाबरोबर त्याच भट्टीवर कामाला असलेला. त्याचं गुरुजींना सगळं सांगून झालं होतं. गुरुजीच बोलले.

"धाकटी गेली. परवा दुपारी. माती भिजवायला पाणी साठवतात, त्या खड्ड्यात. आई विटा थापत होती. वळून बघितलं तर पोर नाही."

तिला तिथेच नदीच्या कडेला पुरलं होतं. आई-बाप संध्याकाळपर्यंत वाडीवर पोचणार होते. हा माणूस पुढे सांगायला आला होता.

पडद्यापलीकडे टाळ्या वाजत होत्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ते कठोर माणूस नव्हते. ते म्हणाले की आत्ता सांगून काय होणार, तासाभराने काही बदलत नाही. आई-बापाच्या तोंडून कळू दे तिला, आपण परक्यांनी कशाला सांगायचं. पोरीने एवढी मेहनत केलीय, गाऊ दे. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी मान हलवली. त्यांचं बरोबर आहे अशी.

मला काही सुचत नव्हतं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मला सुचत होतं. गाणं रद्द केलं तर वीस मुलं इरली घेऊन तशीच बसून राहतील, केंद्रप्रमुख बघतायत, दोन महिने फुकट जातील, हे सगळं मला त्या क्षणी सुचलं होतं. आणि धाकटीला घेऊन जा म्हणून कोणी सांगितलं होतं, तेही आठवत होतं. दोन्ही एकाच वेळी.

मी पुढे येऊन नेहमीच्या जागी, स्टेजच्या समोर उभी राहिले, कारण थोरलीला माझ्याकडे बघून गायची सवय होती. ती आईचं जुनं लुगडं नेसून आली. हसरा चेहरा केला आणि पहिली ओळ सांगितली. मागून मुलांनी उचलली. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ती तालमीत कधीच तशी गायली नव्हती. प्रत्येक ओळीला आवाज वर वर चढत गेला. खाली बसलेल्या बायकांना राहवेना, त्यांनीही ओळ उचलायला सुरुवात केली. सगळं पटांगण गात होतं. मी समोर उभी होते आणि माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता.

केंद्रप्रमुखांनी तिला कंपासपेटी बक्षीस दिली. ती धावत माझ्याकडे आली आणि बरं झालं का विचारलं. मी म्हटलं, फार छान झालं. एवढंच बोलले. खिचडीच्या पंगतीत ती माझ्या शेजारी बसली होती आणि पोटभर जेवली.

ऊन उतरताना पायवाटेवरून दोन माणसं येताना दिसली. तिने लांबून ओळखलं आणि कंपासपेटी घेऊन धावत सुटली. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. ती आईपाशी पोचली, पेटी पुढे केली, आणि मग आईच्या पाठीमागे जाऊन बघितलं. मग बापाच्या पाठीमागे. आई होती तिथेच वाटेवर खाली बसली.

मी पायरीवरून उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जायचं धाडस मी केलं नाही. गुरुजी एकटेच जाऊन आले. तिसऱ्या दिवशी ती सगळी परत भट्टीवर निघून गेली, थोरलीला घेऊन. जाताना शाळेसमोरून गेली तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. ती काही बोलली नाही. मी त्या संध्याकाळी काय सांगितलं होतं, ते तिने वाडीत कोणालाच सांगितलं नसावं. कारण लोक माझ्याशी आधीसारखेच चांगले वागत राहिले, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

फळ्याखालचा तो पांढरा पट्टा तसाच होता. मुलं त्या कोपऱ्यात बसायची नाहीत. मी जागा बदलून बघितल्या, पण दुपारपर्यंत सगळी सरकून सरकून कोपरा मोकळा करायची. एका सकाळी तिथे खडूचा तुकडा दिसला. मी उचलून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. कोणी ठेवला म्हणून मी दोन-तीनदा विचारलं. शेवटी तिसरीतली एक मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की बाई, ती मागती. मी तिच्यावर ओरडले. नंतर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

हजेरी घेऊन झाली की मी मुलं मोजायची. त्या वर्षी कितीदा तरी माझ्या मोजणीत एक मूल जास्त आलं. पुन्हा मोजलं की बरोबर यायचं. आणि पाढे. मुलांचा पाढा संपला की क्षणभर सगळी थांबायची, सवयीने, टाळीसाठी. ती शांतता दरवेळी थोडी लांबायची. उन्हाळ्याच्या आधी एक दिवस, सतराचा पाढा संपल्यावर, त्या शांततेत एक टाळी वाजली. लहान हाताची, ओलसर. मी फळ्याकडे तोंड करून होते. वळून बघितलं तेव्हा सगळ्या मुलांचे हात मांडीवर होते आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. मुलांपैकीच कोणीतरी वाजवली असेल. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं, आजही सांगते.

सुट्टीत गुरुजींनी स्वतः चुना आणून भिंत रंगवली. मला विचारलं नाही. जूनमध्ये आले तेव्हा भिंत कोरी होती. थोरली आली नाही. पाचवीसाठी ती दुसऱ्या शाळेत जायला हवी होती, पण तिथेही तिचं नाव नव्हतं.

पुढे दोन वर्षांनी माझी बदली देवळाली कॅम्पजवळच्या शाळेत झाली. तिथे फौजी कुटुंबांची मुलं, वीज, लाऊडस्पीकर, दरवर्षी मोठं संमेलन. मी नाच बसवले, नाटुकली बसवली, सूत्रसंचालन केलं. गाणं बसवायचं काम मात्र कधी घेतलं नाही. आवाज नाही म्हणून सांगायची. एक गोष्ट केली. बांधकामावरच्या, बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्यांच्या मुली कडेवर भावंड घेऊन आल्या तर मी त्यांना कधी परत पाठवलं नाही. साहेब तपासणीला आले की पोरं मोजून विचारायचे, ही कोण. मी सांगायची, बसू द्या.

नवं शतक लागून काही वर्षं झाल्यावर मला प्रशिक्षणासाठी चार दिवस घोटीला जावं लागलं. जेवणाच्या सुट्टीत मी पाय मोकळे करायला बाजारपेठेत गेले. सुगी झालेली होती, भातगिरण्यांसमोर रांगा होत्या. एका गिरणीच्या ओट्यावर पोत्याला टेकून एक तरुण बाई बसली होती, मांडीवर साधारण दीड वर्षाची मुलगी. तिने हाक मारली, "बाई." मी आवाजावरून ओळखलं.

मी तिच्याजवळ पोत्यावर बसले. तिने सगळं सांगितलं. शाळा पुन्हा झाली नाही, काही वर्षं भट्टी, मग डोंगरापलीकडच्या गावात लग्न. नवरा चांगला आहे, थोडी जमीन आहे, आता ते बाहेर कामाला जात नाहीत. गुरुजी वारल्याचं तिला माहीत होतं. आई थकलीय म्हणाली.

दहा वर्षं मी जे मनात घोळवत होते ते तिथे, गिरणीच्या खडखडाटात, तिला सांगितलं. तुझी आई धाकटीला मागे ठेवायला तयार होती, मी नको म्हणाले. बोलताना माझा आवाज इतका लहान झाला की तिला कान जवळ आणावा लागला.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मी तवा दारातच व्हते ना बाई."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळच्या माझ्या आठवणीत आई होती, बाप होता, आत्या होती. थोरली नव्हती. जिच्यासाठी गेले होते ती मुलगी कुठे उभी होती, हे मी बघितलंच नव्हतं.

तिने मुलीच्या तोंडावरची माशी हाकलली आणि थोड्या वेळाने विचारलं, "त्या दिशी तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. गुरुजी गेले होते, खरं-खोटं करायला तिथे कोणी नव्हतं.

"तुझ्या गाण्याच्या आधी," मी म्हणाले.

तिने मुलीला मांडीवर सावरून घेतलं. मग म्हणाली, "तुमी समोर हुब्या व्हत्या. तुमचं तोंड बघून मला वाटलं, माजं कायतरी चुकतंय. म्हनून मी आजून जोरात गायले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, क्षमाही नव्हती. इतक्या वर्षांनी एक गोष्ट तिला उलगडली होती आणि ती तिने मला सांगितली, एवढंच. तेवढ्यात गिरणीवाल्याने तिचा नंबर पुकारला. ती उठली, मुलीला सहज माझ्या मांडीवर ठेवलं आणि पोतं खांद्यावर घेऊन आत गेली.

पोरगी अनोळखी माणसाला बिचकली नाही. माझ्या घड्याळाचा पट्टा ओढत बसली, मग पेंगली आणि झोपली. झोपलेलं मूल किती जड होतं. मी हललेच नाही. प्रशिक्षणाची दुपारची वेळ टळून गेली. थोरली बाहेर आली तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर कोंड्याची धूळ होती. तिने मुलीला न उठवता अलगद खांद्यावर घेतलं, येते बाई म्हणाली आणि जीपकडे गेली.

मी उशिरा वर्गात शिरले. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतला एक यशस्वी उपक्रम लिहून द्यायचा होता. सगळ्यांचे कागद भरत आले होते, स्नेहसंमेलनं, बालआनंद मेळावे, वृक्षदिंड्या. मी लिहिलं की शाळेत येणाऱ्या मुलींसोबत त्यांच्या लहान भावंडांना बसू देते. प्रशिक्षकांनी तो कागद वाचला आणि सौजन्याने परत माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, बाई, हा उपक्रम नाही म्हणता येणार, ही सोय झाली. दुसरं काहीतरी लिहा, तुम्ही तर एवढी संमेलनं बसवता.

मी म्हटलं, असू द्या तोच. आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला.